सरावाच्या रात्रींच्या चिपा : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, कोलंबस, ओहायो

प्रकल्पाची हद्द आज ठरवली. नवा कॅसिनो लोकांसाठी उघडण्याआधी तिथे सरावाचे खेळ होतात. त्या खेळांत वापरलेल्या चिपा (टेबलावर पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्या) मिळवायच्या, मोजायच्या, त्यांचे फोटो काढायचे आणि प्रत्येक चिप कुणाच्या हातून, कोणत्या रात्रीतून, कोणत्या टेबलावरून आली ते लिहून ठेवायचं. प्रदेश तीन राज्यांचा: ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड. काळ २०१० ते २०१६.

हाच काळ घ्यायचं कारण आहे. पेनसिल्व्हेनियात तोवर फक्त जुगाराची स्लॉट यंत्रं होती. जानेवारी २०१० मध्ये कायदा झाला आणि जुलैत पत्त्यांची, फाशांची, रूलेटची (फिरत्या चाकात गोळी कोणत्या आकड्यावर थांबते यावर पैज लावायचा खेळ) टेबलं सुरू झाली. ओहायोच्या मतदारांनी नोव्हेंबर २००९ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून चार शहरांत कॅसिनो मंजूर केले. क्लीव्हलंडचा १४ मे २०१२ ला उघडला, टोलेडोचा त्याच महिन्यात २९ तारखेला, आमच्या कोलंबसचा ८ ऑक्टोबरला आणि सिनसिनाटीचा ४ मार्च २०१३ ला. मेरीलँडने नोव्हेंबर २०१२ च्या मतदानात टेबलांना होकार दिला. बाल्टिमोरचा कॅसिनो ऑगस्ट २०१४ मध्ये आला, नॅशनल हार्बरचा डिसेंबर २०१६ मध्ये.

म्हणजे काही वर्षांच्या आत या पट्ट्यात, जिथे टेबलावरचा जुगार कायद्याने नव्हताच, तिथे हजारो माणसं डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारे कर्मचारी, झाली. कालपर्यंत बँकेत, किराणा दुकानात, मोटारींच्या कारखान्यात असलेली. कोलंबसचा कॅसिनो तर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागेवरच उभा आहे. ही माणसं आज इथेच राहतात, फोन उचलतात, बोलतात. आणखी वीस वर्षांनी हे काम हाती घ्यायचं म्हटलं तर चिपा मिळतील, पण सांगणारं कुणी उरलेलं नसेल.

१४ जानेवारी

ओळखीच्यांना हे काम समजावून सांगताना 'सरावाची रात्र म्हणजे काय' इथपासून सुरुवात करावी लागते, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

इमारत तयार झाली, टेबलांवर कापड ताणलं, तरी दरवाजे उघडत नाहीत. राज्याच्या नियामक मंडळाची माणसं आधी सगळं चालताना बघतात. पत्ते वाटणं हा त्यातला छोटा भाग. टेबलावर चिपा कमी पडल्या की केजमधून (चिपा आणि रोकड सांभाळणारी जाळीमागची खोली) नव्या मागवायच्या. याला 'फिल' म्हणतात. स्लिप निघते, सुरक्षारक्षक चिपा घेऊन येतो, डीलर त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजतो, सह्या होतात. चिपा जास्त झाल्या तर त्याच शिस्तीने परत पाठवायच्या, त्याला 'क्रेडिट'. टेबलाखाली अडकवलेली नोटांची पेटी ठरल्या वेळी काढून मोजणीच्या खोलीत न्यायची. वाद झाला तर वरच्या खोलीतून चित्रण काढून दाखवता आलं पाहिजे. यातली एक कडी जरी निसटली तरी परवान्याचा दिवस पुढे जातो.

सराव दोन प्रकारचे. पहिल्यात खेळायला बोलावतात ती कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं, आणि चिपांवर छापलेलं असतं 'नो कॅश व्हॅल्यू'. संग्राहकांच्या बोलण्यात 'एनसीव्ही'. दुसऱ्यात निमंत्रित पाहुणे खऱ्या पैशाने काही तास खेळतात, नियामक हजर असतात आणि घराला, म्हणजे कॅसिनोला, झालेली कमाई धर्मादाय संस्थांना जाते. मेरीलँडमध्ये याला 'कंट्रोल्ड डेमॉन्स्ट्रेशन' म्हणतात. या दुसऱ्या प्रकारात रोजच्याच चिपा वापरतात, त्यामुळे वेगळी खूण राहत नाही.

माझा प्रकल्प पहिल्या प्रकाराचा. दुसऱ्याचं काय करायचं ते पुढे बघू.

२८ जानेवारी

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटता वाटता विषय निघाला आणि एक काका म्हणाले, "अगं, आमच्याकडे आहे की एक." त्यांची सून ओहायोतल्याच एका कॅसिनोत हिशेबाच्या खात्यात होती. उघडण्याआधीच्या 'फॅमिली नाइट'ला काका-काकूंना बोलावणं होतं.

"काका, ती चिप अजून आहे तुमच्याकडे?"

"आहे गं. टाकतोय कुठे! देवघराच्या खालच्या खणात आहे."

आज घरी जाऊन पाहिली. फिकट जांभळी, व्यास ३९ मिलिमीटर, वजन ९.२ ग्रॅम. ५ हा आकडा आहे, डॉलरचं चिन्ह नाही. दोन्ही बाजूंना 'नो कॅश व्हॅल्यू'. कडेवर रंगीत पट्टे नाहीत. कड हाताला धारदार लागते, म्हणजे चिप जेमतेम वापरलेली.

चिपेपेक्षा काकांची हकिगत मोलाची, म्हणून शब्दशः उतरवून घेतली. (ब्लॅकजॅक हा पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ नेण्याचा खेळ. पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले की त्यालाही 'ब्लॅकजॅक' म्हणतात.) "आम्हाला सांगितलं होतं, नीट खेळू नका. पैज उशिरा लावा, चिपा वाकड्या ठेवा, मध्येच हात आखडता घ्या. मी ब्लॅकजॅकच्या टेबलावर होतो. कोवळा पोरगा होता डीलर. मला ब्लॅकजॅक लागला, पंधराची पैज होती. दीडपट म्हणजे साडेबावीस द्यायचे. तो थांबला. मागे सुपरवायझरबाई उभ्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी त्याला वेळ दिला. मग त्याने वीस, दोन आणि वरचा अर्धा बरोबर मोजून दिला. आमच्या टेबलावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

चिप मी मागितली नाही. फोटो, मापं आणि हकिगत घेतली. निघताना काकूंनीच ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे राहिली तर तिचं काहीतरी होईल." नोंद क्रमांक १.

१० फेब्रुवारी

आतापर्यंत हाती आलेल्या चिपा भिंगाखाली लावून बसले. एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. कॅसिनोच्या चिपेचं वय कडेवर लिहिलेलं असतं. साच्यातून निघाली तेव्हा कड काटकोनात असते. हाताळून हाताळून ती गोल होते.

उघडण्याआधी काही महिने कॅसिनो आपली डीलरशाळा चालवतात. तिथे एकच चिप रोज शेकडो वेळा उचलली, कापली, सरकवली जाते. 'कापणं' म्हणजे चळत मुठीत धरून तर्जनीने पाच-पाचांचे ढीग टेबलावर सोडत जाणं. सगळ्या प्रशिक्षणाचा पाया तोच. त्यामुळे शाळेतल्या चिपांच्या कडा पार झिजलेल्या असतात, आणि फॅमिली नाइटच्या चिपा एकदोन संध्याकाळी वापरून बाजूला ठेवलेल्या, म्हणून कडा शाबूत. छपाई सारखीच असली तरी हा फरक लपत नाही.

बाजारात दोन्हींना सरसकट 'प्रॅक्टिस चिप' म्हणतात. माझ्या यादीत त्या वेगळ्या राहतील: 'शाळा' आणि 'रात्र'. कडेचा फोटो आडव्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून, प्रत्येक नोंदीला सक्तीचा.

२४ फेब्रुवारी

अतिनील टॉर्च आला. खऱ्या चिपांवर बनावटगिरी रोखण्यासाठी साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा असतात, त्या या प्रकाशात उजळतात. ट्रेमधल्या सरावाच्या चिपांपैकी एकीवरही काही चमकलं नाही. अपेक्षितच होतं. पैसे नसलेल्या चिपेवर तो खर्च कोण करणार? तरी नोंदीत रकाना ठेवला आहे.

९ मार्च

'नो कॅश व्हॅल्यू' लिहिलेली प्रत्येक चिप सरावाची नसते, हे इथे ठळकपणे लिहून ठेवते, कारण विकणारे नेमकं इथेच घोळ घालतात.

पोकर स्पर्धांच्या चिपांवर हेच शब्द असतात. तिथे आकडे मोठे, ५००, १०००, ५०००, कारण स्पर्धेत त्या फक्त गुण मोजतात. जाहिरातीसाठी वाटलेल्या चिपांवरही हेच शब्द. लग्नात, कंपनीच्या पार्टीत भाड्याने आणलेल्या 'कॅसिनो नाइट'च्या चिपा तर ढिगाने मिळतात. आणि 'फँटसी चिप' नावाचा प्रकार आहे: कुठल्याही कॅसिनोत कधीच न गेलेली, केवळ संग्राहकांना विकण्यासाठी बनवलेली चिप, बऱ्याचदा बंद पडलेल्या कॅसिनोच्या नावाने. मकाऊच्या 'डेड चिप'ची गोष्ट पुन्हा निराळी. ती खिडकीवर थेट वटत नाही, पण तिने लावलेली पैज खऱ्या पैशाची असते. तिला सरावाशी जोडणं साफ चूक.

मग सरावाची ओळखायची कशी? आकडे लहान आणि टेबलाला शोभणारे: १, ५, २५, १००. डॉलरचं चिन्ह बहुधा गाळलेलं. नक्षी साधी. कॅसिनोचं नाव कधी असतं, कधी नसतं, आणि नाव नसलेलीच जास्त खरी निघते, कारण घरं अशा चिपा घाईत, तयार मालातून मागवतात. म्हणजे ज्या चिपेवर सर्वात कमी लिहिलंय तिच्यासाठी माणसाची साक्ष सर्वात जास्त लागते. साक्ष नसेल तर माझ्या यादीत ती 'अनिश्चित' या पानावर जाईल, मग बाजारात तिला कितीही भाव असो.

३० मार्च

आज ज्यांच्याशी बोलले त्यांनी अटलांटिक सिटीत बरीच वर्षं टेबलं चालवली आणि २०१० मध्ये त्या पेनसिल्व्हेनियात नव्या डीलरांना शिकवायला गेल्या. नाव नोंदवायचं नाही अशी त्यांची अट आहे. आता निवृत्त आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी माझ्या चिपा मांडल्या आणि बोलता बोलता हात आपोआप कापत राहिले, पाच, पाच, पाच, पाच. नजर एकदाही खाली गेली नाही.

मी रंगांबद्दल विचारलं. काही सरावाच्या चिपा खऱ्यांच्याच रंगाच्या असतात, काही काकांच्या जांभळीसारख्या भलत्याच रंगाच्या. असं का?

त्यांचं उत्तर असं. न्यू जर्सीने रंग नियमातच बांधून टाकले होते: एकची पांढरी, पाचची लाल, पंचवीसची हिरवी, शंभरची काळी, पाचशेची जांभळी. अटलांटिक सिटीतला पहिला कॅसिनो १९७८ च्या मे महिन्यात उघडला, तेव्हापासून तिथे घडलेल्या डीलरला रंग म्हणजेच रक्कम. आकडा वाचत बसणारा डीलर टेबल थांबवतो. म्हणून शाळेत शिकवताना त्या रंगांवर अडून बसत. "डोळ्याला लाल म्हणजे पाच हे कळलं पाहिजे, मेंदूला नंतर कळलं तरी चालेल," असं त्यांचं म्हणणं.

पण सरावाची रात्र प्रत्यक्ष कॅसिनोच्या मजल्यावर, म्हणजे खेळाच्या दालनात, होते. त्याच सुमाराला खऱ्या चिपांची खोकी तिजोरीत येऊन पडलेली असतात, त्यांची मोजदाद चालू असते, एकेक चिप हिशेबात असते. अशा वेळी लाल पाचाच्या सरावाच्या चिपा मजल्यावर आल्या आणि एक जरी खऱ्यांत मिसळली तरी हिशेबाच्या खात्याची झोप उडते. म्हणून तिथल्या घराला वेगळा रंग हवा असतो. शिकवणाऱ्यांना खरा रंग हवा, हिशेबवाल्यांना खोटा. एखाद्या कॅसिनोच्या सरावाच्या चिपेचा रंग बघून त्या घरात कुणाचा शब्द चालला ते कळतं, असं त्या म्हणाल्या. हे मला कुठेही छापलेलं सापडलं नव्हतं. आजवर मी रंगाचा रकाना नुसता वर्णन म्हणून भरत होते. यापुढे तो पुरावा म्हणून वाचायचा.

मग त्या रूलेटवर आल्या. रूलेटच्या चिपांवर मुळात रक्कम नसतेच. प्रत्येक खेळणाऱ्याला वेगळा रंग देतात आणि त्या रंगाची किंमत टेबलावर बसताना ठरते. म्हणून त्यांच्या घरात रूलेटसाठी सरावाच्या वेगळ्या चिपा मागवल्याच नव्हत्या, नेहमीच्याच वापरल्या. माझ्या ट्रेमध्ये रूलेटची एकही सरावाची चिप का नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

रूलेटच्या टेबलावर सरावाच्या रात्री काय बघितलं जायचं? त्यांनी कागदावर चौकट काढली. १७ वर एक चिप, त्याच्या चारही बाजूंच्या रेषांवर एकेक, चारही कोपऱ्यांवर एकेक. १७ आला. सरळ आकड्याला ३५. रेषांवरच्या चारांना प्रत्येकी १७, म्हणजे ६८. कोपऱ्यांवरच्या चारांना प्रत्येकी ८, म्हणजे ३२. एकूण १३५. "१३५ तोंडपाठच असतं. पण पाहुणा दोन ठिकाणी दोन-दोन चिपा ठेवतो, शेजारच्याची चिप त्याच्यावर चढते, कुणीतरी हाक मारतं, आणि पाठांतर उडून जातं. त्यासाठीच ती रात्र." डीलर चुकला तर सुपरवायझर तिथल्या तिथे दुरुस्त करत नसत. आधी त्याचं त्याला सापडतं का ते बघत. काकांच्या हकिगतीतली मागे उभी असलेली बाई मला इथे पुन्हा दिसली. दोन वेगवेगळ्या राज्यांत एकच शिस्त होती.

टेबल सोडताना डीलर हलकी टाळी वाजवून तळवे वर-खाली करतो, कॅमेऱ्याला दाखवायला की हातात काही नाही. त्या सांगत होत्या, पहिल्या सरावाच्या रात्री निम्मे जण हे विसरतात. मग रात्र संपल्यावर सगळ्यांना ओळीत उभं करून ते पुन्हा करून घेत.

निघताना त्यांनी एक लाल चिप दिली, कड पार गोल झालेली. शाळेतली. नोंद क्रमांक ११.

२० एप्रिल

ऑनलाइन लिलावात एका विक्रेत्याकडे अख्खा रॅक आहे. रॅक म्हणजे शंभर चिपा, वीस-वीसच्या पाच चळती. 'उघडण्याआधीच्या रात्रीच्या' म्हणून विकतोय. कुठून मिळाल्या विचारलं तर उत्तर नाही.

घेणार नाही. एखादी चिप पाहुण्याच्या खिशातून घरी येणं समजू शकतं. बऱ्याच ठिकाणी ती आठवण म्हणून दिलीही जाते. शंभर चिपांचा रॅक मात्र खिशातून येत नाही. नेवाडाचा नियम तर खऱ्या चिपांबाबतही स्पष्ट आहे: चिप म्हणजे कॅसिनोने देणं लागत असलेल्या रकमेची खूण, आणि ती मालमत्ता कॅसिनोचीच. सरावाच्या चिपेत देणंही नाही, तेव्हा ती घराची वस्तू आहे हे उघडच. मला प्रत्येक नोंदीत 'कशी मिळाली' हा रकाना खरा भरायचा आहे. जी चिप घेतल्यावर तो रकाना कोरा ठेवावा लागेल, ती या कामाला निरुपयोगी आहे.

अनेक अनुभवी संग्राहक याबाबत माझ्याइतके कडक नाहीत. त्यांचं म्हणणं, वस्तू वाचली पाहिजे, नाहीतर घरं त्या दळून टाकतात. दळून टाकतात हे खरं आहे. तरीही माझा निर्णय हाच.

१८ मे

साठवणीचं काम. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून सगळ्या चिपा बाहेर काढल्या. हे प्लॅस्टिक कालांतराने चिकट होतं आणि छपाईवर डाग धरतं. आता ३९ मिलिमीटरच्या कडक गोल डब्या, आत एकेक चिप.

सरावाच्या चिपा सहसा स्वस्त पद्धतीच्या असतात: साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक आणि वर तापवलेल्या ठशाने दाबलेलं सोनेरी अक्षर. ते अक्षर फार नाजूक. स्पिरिटने पुसलं तर निघून जातं, बोटाने रोज घासलं तरी जातं. म्हणून फक्त कोरडा मऊ ब्रश. काकांच्या चिपेवरचा कुंकवाचा बारीक ठिपका तसाच ठेवला आहे. तो तिच्या प्रवासाचा भाग आहे, आणि नोंदीत लिहिलाय.

१३ जुलै

आज गोव्याला फोन. कुडाळला माझ्या माहेरच्या शेजारचा मुलगा मांडवीतल्या बोटींवर काही वर्षं डीलर होता. त्याच्याशी बोलायचं कधीचं मनात होतं.

"ताई, आमच्याकडे तुझ्यासारख्या छापलेल्या सरावाच्या चिपा नव्हत्या. जुन्या, बाद केलेल्या असायच्या, कडेला खाच मारलेल्या. खाच असली की ती टेबलावर चालत नाही, लगेच हाताला लागते."

"आणि शिकवायचे काय आधी?"

"आधी नुसतं कापायला. वीसची चळत, पाच-पाच. आठवडाभर पत्त्याला हात लावू दिला नाही. मग ब्लॅकजॅक, रूलेट. आणि आपले खेळ, अंदर बाहर, फ्लश. ते घरी खेळलेले असतात म्हणून सोपे वाटतात, पण टेबलावर फार भरभर चालतात. अंदर बाहरला पैसे वाटताना सगळ्यात जास्त ओरडा खाल्ला मी."

पेनसिल्व्हेनियातल्या बाईंनी जे 'कापणं' हातांनी दाखवलं होतं, तेच तो शब्दांत सांगत होता. खाच मारलेल्या चिपेची पद्धत अमेरिकेतही जुनी आहे. बाद चिपेला भोक पाडणं, खाच मारणं हे रद्द केल्याचं चिन्ह. पण अशी बाद चिप पुढे शाळेत वापरली गेली का, हे चिपेवरून कळत नाही. इथेही सांगणारं माणूस लागतं.

गोव्याचा भाग प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचा, म्हणून वेगळं परिशिष्ट करते. थोडी पार्श्वभूमी तिथे लागेल: १९७६ चा गोव्याचा जुगारबंदी कायदा, १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा, १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांवर टेबलांना. आणि फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळण्यासाठी आत जायला बंदी. म्हणजे तिथल्या डीलरच्या घरची माणसं पाहुणा म्हणून सरावालासुद्धा बसू शकतील का, हा प्रश्न विचारायच्या यादीत घातला.

पुण्याच्या एका मित्राने मध्यंतरी विचारलं होतं, महाराष्ट्रातली एखादी सरावाची चिप असेल का? असण्याचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा १९७६ मध्ये केला होता, तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दच केला.

१० ऑगस्ट

खऱ्या पैशांच्या रात्रींचा प्रश्न जानेवारीपासून बाजूला होता. त्या रात्री हातात आलेली लाल पाचाची चिप दुसऱ्या दिवशीच्या लाल पाचाच्या चिपेहून कशानेही वेगळी नसते. मग अशा रात्रीचं काय जपायचं?

कागद. बाल्टिमोरजवळ राहणाऱ्या एका पाहुण्याने आपलं निमंत्रणपत्र, गळ्यातला बिल्ला आणि सूचनांचं पान पाठवलं. त्या पानावर मला हवं ते सगळं आहे: किती वाजता दार उघडेल, कोणती टेबलं चालू असतील, कमाई कुठे जाईल, आणि शेवटी चिपा वटवून जा अशी विनंती. ही शेवटची ओळ महत्त्वाची. पाहुण्यांनी चिपा घरी नेल्या तर मोजणीच्या चाचणीत तेवढी रक्कम बाहेर राहिलेली दिसते, आणि ही चाचणी मोजणीसाठीच असते. तेव्हा या रात्रींची चिप मागणं मला बरोबर वाटत नाही. कागदांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. चिपेचा फोटो जिथे येतो तिथे निमंत्रणाचा फोटो.

७ सप्टेंबर

नोंदीचा नमुना पक्का. व्यास, जाडी, वजन. साचा. रंग, आणि तो घराच्या खऱ्या रंगाशी जुळतो की नाही. दोन्ही बाजूंचा मजकूर, कडेचा फोटो. शाळा, रात्र की अनिश्चित. मग साक्ष: सांगणाऱ्याचं नातं (डीलर, पाहुणा, सुपरवायझर, हिशेबनीस), त्याच्याच शब्दांत हकिगत, नाव द्यायचं की नाही याची परवानगी.

अमेरिकेतल्या चिप संग्राहकांच्या संघटनेचे (स्थापना १९८८) छापील आणि ऑनलाइन संदर्भ चांगले आहेत, पण त्यांत भर असतो तो नक्षीवर, साच्यावर, दुर्मीळतेवर, भावावर. साक्षीचा रकाना मला कुठे दिसला नाही. माझी यादी पूर्ण झाली की एक प्रत संघटनेला आणि एक लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठातल्या विशेष संग्रहाला द्यायची आहे. तिथे जुगाराच्या इतिहासाचे कागद जपतात आणि अभ्यासकांना बघायला देतात. भाव लिहिणार नाही. मला त्याचा उपयोग नाही, आणि भाव छापला की लोक हकिगत द्यायचं सोडून चिप दडवून ठेवतात.

५ ऑक्टोबर

पोस्टाने एक पाकीट आलं. काकांची जांभळी चिप ज्या कॅसिनोतली, तिथल्याच एका माजी डीलरने पाठवलंय. आत दोन चिपा आणि हाताने लिहिलेलं पत्र. एक जांभळी, काकांच्या चिपेसारखी हुबेहूब. दुसरी लाल, तोच ५ चा आकडा, तोच ठसा, डॉलरचं चिन्ह नाही.

लगेच मोजल्या. जांभळी ९.२ ग्रॅम, कड शाबूत. लाल ९.० ग्रॅम, कड इतकी गोल की चळतीत ठेवली तर डुगडुगते. पत्रात तो लिहितो: लाल चिपा शाळेत होत्या, आम्ही जवळजवळ तीन महिने त्याच वापरल्या. फॅमिली नाइटच्या दोन दिवस आधी त्या सगळ्या गोळा करून नेल्या आणि त्या रात्री मजल्यावर जांभळ्या आल्या. पहिला तास सगळ्यांचेच हात अडखळले, कारण पाच म्हटलं की डोळे लाल शोधत होते.

बाईंनी मार्चमध्ये जे सांगितलं ते इथे एकाच घरात दोन्ही बाजूंनी दिसतंय: शाळेत शिकवणाऱ्यांचा शब्द चालला, मजल्यावर हिशेबवाल्यांचा. आणि काकांसमोरचा तो पोरगा साडेबावीस देताना का थांबला, याला आता गणिताशिवाय दुसरंही कारण असू शकतं. रंग बदलून त्याला तासही झाला नसेल. काकांना फोन केला. ते किती वाजता टेबलावर बसले होते ते त्यांना आठवत नाही, पण सुनेकडे त्या रात्रीचं निमंत्रण आहे, त्यावर पाहुण्यांच्या गटांच्या वेळा छापल्या होत्या म्हणतात. ती थँक्सगिव्हिंगला येतेय, तेव्हा घेऊन येईल.

माजी डीलरला उलट पत्र लिहिलं. तीन गोष्टी विचारल्या आहेत: लाल चिपा गोळा केल्यावर त्यांचं काय झालं, २५ आणि १०० च्या चिपांचे रंगही मजल्यावर बदलले होते का, आणि त्या रात्री तो कोणत्या टेबलावर होता. लाल चिप नोंद क्रमांक २३, शाळा. जांभळी क्रमांक २४, रात्र. क्रमांक १ च्या पानावर दोन्हींचा संदर्भ जोडला.